चॅनेल ६ वरचा रेडिओ वाचवताना: कामाच्या नोंदी, मार्च २०२१ ते ऑगस्ट २०२३

१४ मार्च २०२१

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, द्राक्षं आणि बदामाच्या बागांच्या पट्ट्यात एक छोटं स्पॅनिश स्टेशन आहे. तिथलं तांत्रिक काम मी बघतो. ट्रकमध्ये, पॅकिंग शेडमध्ये, बागेत मजुरांच्या खिशातल्या छोट्या रेडिओवर ते ८७.७ मेगाहर्ट्झवर वाजतं. शेताला पाणी कधी, कुठल्या मळ्यात माणसं हवीत, दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा, हे सगळं लोकांना इथून कळतं.

कागदोपत्री मात्र हे रेडिओ स्टेशनच नाही. परवाना आहे लो-पॉवर टीव्हीचा, चॅनेल ६ चा. अमेरिकेत चॅनेल ६ म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ. जुन्या अॅनालॉग पद्धतीत चित्राचा कॅरिअर (चित्र किंवा आवाज वाहून नेणारी मूळ लहर) ८३.२५ वर आणि आवाजाचा ८७.७५ वर. आवाज एफएमच असतो आणि एफएमचा पट्टा ८८ ला सुरू होतो. बहुतेक रेडिओ ८८ च्या जरा खालीही लागतात, त्यामुळे टीव्हीचा आवाज साध्या रेडिओवर येतो. मोठी टीव्ही स्टेशनं १२ जून २००९ ला अॅनालॉगमधून बाहेर पडली, छोट्यांना मुभा राहिली. त्या मुभेवर न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतही ८७.७ वर रेडिओ उभे राहिले. शिकागोतलं मी-टीव्ही एफएम २०१५ पासून चालू आहे. इथले लोक अशा स्टेशनांना फ्रँकन-एफएम म्हणतात, सरकारी कागदांत ते एफएम-६ असतं.

आता छोट्यांचीही मुदत ठरली आहे: १३ जुलै २०२१. त्या रात्री अॅनालॉग बंद. नेहमीच्या डिजिटल पद्धतीत गेलो तर सहाच्या सहा मेगाहर्ट्झ डिजिटल गोंगाटाने भरतात आणि रेडिओ संपतो.

एक वाट दिसते. टीव्हीचं नवं मानक, एटीएससी ३.०, थोडं अरुंद करता येतं. ते चॅनेलच्या खालच्या टोकाला सरकवायचं आणि वर उरलेल्या फटीत ८७.७५ चा एफएम कॅरिअर वेगळा ठेवायचा. परवानगी मिळेलच असं नाही. एफसीसीने (अमेरिकेतली प्रसारण परवाने देणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०१९ मध्ये या विषयावर मतं मागवली होती, निर्णय झालेला नाही. मालकांना हे सगळं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, तयारी करून ठेवू, नाही मिळाली तर यंत्र विकू.

या नोंदी मराठीत लिहितोय कारण या धंद्यात आपली मंडळी इथे थोडी आहेत पण आहेत, आणि गावाकडे कम्युनिटी रेडिओ चालवणाऱ्यांनाही अँटेना-ऑडिओचा भाग उपयोगी पडेल. टीव्हीच्या आवाजावर रेडिओ चालवण्याचा प्रकार भारतात मात्र होणार नाही. आपल्या जुन्या पाल या अॅनालॉग टीव्ही पद्धतीत चॅनेल ४ चा आवाज ६७.७५ वर होता, बँड-३ मधले चॅनेल १७४ च्या वर. एफएमचा रेडिओ त्यांच्या आसपासही फिरकत नाही.

२ एप्रिल

गणित आधी, खरेदी नंतर.

एटीएससी ३.० चा पूर्ण रुंदीचा सिग्नल ५.८३३ मेगाहर्ट्झचा. ८के पद्धतीत त्यात ६९१३ छोटे कॅरिअर, प्रत्येकात ८४३.७५ हर्ट्झचं अंतर. मानकातच कॅरिअर टप्प्याटप्प्याने कमी करायची सोय आहे. सगळ्यात खालच्या टप्प्याला ६५२९ उरतात, म्हणजे ५.५०९ मेगाहर्ट्झ. चॅनेलच्या मधोमध, ८५ वर ठेवला तर वरची कड ८७.७५४ ला येते, थेट आपल्या आवाजावर. म्हणून तो पाव मेगाहर्ट्झ खाली ओढायचा: ८२.० ते ८७.५१. मग ८७.७५ च्या खाली २४० किलोहर्ट्झ मोकळे आणि वर चॅनेल संपेपर्यंत २५०.

खालच्या कडेला आता काहीच मोकळं राहत नाही. चॅनेल ५ आमच्या परिसरात रिकामा आहे म्हणून हे जमतं. ज्यांच्या शेजारी चॅनेल ५ चालू आहे त्यांनी आधी तो हिशेब करावा.

१९ एप्रिल

डिजिटल एक्सायटर (अॅम्प्लिफायरला द्यायचा मूळ सिग्नल तयार करणारं यंत्र) आला. स्पेक्ट्रम अॅनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र, भाड्याने मिळाला, महिन्याला ९०० डॉलर.

पहिला विचार सोपा होता. जुन्या अॅनालॉग ट्रान्समीटरमध्ये चित्र आणि आवाज एकाच अॅम्प्लिफायरमधून जात होते. तसंच आता डिजिटल आणि एफएम एकत्र घालावं. नवा अॅम्प्लिफायर नको, नवी अँटेना नको, टॉवरवर चढणं नको.

डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा भार) चालवलं आणि स्क्रीनवर पाहिलं. डिजिटल सिग्नलच्या दोन्ही बाजूंना खांदे उचललेले, आणि उजवा खांदा बरोबर आपल्या एफएम कॅरिअरखाली. रेडिओ लावला तर गाण्याच्या मागे सतत खरखर. गाणं थांबलं की ती जास्तच बोचते. कारण उघड आहे. डिजिटल सिग्नलची शिखरं सरासरीच्या कितीतरी पट उंच असतात. अॅम्प्लिफायर त्या शिखरांवर थोडा जरी चेपला की शेजारच्या एफएमशी मिसळून नको त्या सिग्नलांची पिल्लं जन्माला येतात. शक्ती खाली आणली की खरखर कमी होते, पण ती बरी होईपर्यंत हातात इतकी कमी शक्ती उरते की डोंगराखालच्या वस्त्यांपर्यंतही पोचणार नाही.

एकच अॅम्प्लिफायर हा मार्ग बंद. ज्यांना स्वस्तात करायचं आहे ते आधी याच वाटेने जातील. पैसे घालण्याआधी डमी लोडवर बघून घ्या.

६ मे

दोन वेगळे अॅम्प्लिफायर: एफएमला १ किलोवॅट, डिजिटलला सरासरी ५०० वॅट. प्रश्न उरला एका अँटेनात दोघांना जोडायचा. मधलं अंतर इतकं कमी की फिल्टरवाला कंबायनर (दोन सिग्नल एका अँटेनात जोडणारं यंत्र) शक्यच नाही. त्या अंतराला पुरेल असा तीव्र उताराचा फिल्टर ८७ मेगाहर्ट्झला खोलीभर मोठा होईल.

म्हणून ३ डीबी हायब्रिड, फिल्टरशिवाय दोन सिग्नल जोडणारा. जुना, वापरलेला, १,८०० डॉलर. त्यात नियम असा की दोन वेगळे सिग्नल जोडले तर दोघांचीही अर्धी शक्ती रिजेक्ट लोडमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणजे ५०० अधिक २५० वॅट सतत जाळायचे. डमी लोडवर तास-दोन तास चालवलं आणि सिग्नल एकदम स्वच्छ, खरखर गेली. पण ट्रान्समीटरची खोली लहान, पत्र्याची, आणि बाहेर मे महिन्यातच पस्तीस अंश. एसी कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. जुलैमध्ये इथे बेचाळीस-त्रेचाळीस होतं. शिवाय अर्धी शक्ती वाया घालवून विजेचं बिल भरायचं, तेही जाहिरातींचे दर आधीच पडलेले असताना.

हायब्रिड परत विकला, १,५०० ला गेला. आठवडा गेला, पण सिग्नल वेगळ्या अॅम्प्लिफायरमधून स्वच्छ राहतो हे सिद्ध झालं.

२२ मे

दोन अँटेना.

जुनी अँटेना उभ्या ध्रुवणाची आहे, म्हणजे तिची लहर उभी हलते, कारण गाडीची अँटेना उभी असते आणि आपला श्रोता गाडीत आहे. ती एफएमला तशीच ठेवली. टीव्हीसाठी नवी, आडव्या ध्रुवणाची, तिच्या सात मीटर वर. ८७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ३.४ मीटर, म्हणजे दोन तरंगलांबींचं अंतर. एक उभी, एक आडवी आणि मध्ये अंतर, त्यामुळे एकीतून दुसरीत फार थोडं शिरेल हा अंदाज. ते शिरणं महत्त्वाचं, कारण एफएमची शक्ती डिजिटलच्या अॅम्प्लिफायरमध्ये उलटी घुसली की पुन्हा तीच पिल्लं. मध्ये सर्क्युलेटर (शक्तीला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावून ते थांबवता येतं, पण या फ्रिक्वेन्सीला तो अवजड आणि महाग.

टॉवरवाली टोळी आली, दिवसाचे ४,५०० डॉलर. बसवून मोजलं तर अलगीकरण, म्हणजे एका अँटेनातून दुसरीत जाताना सिग्नल किती घटतो ते, फक्त २८ डीबी. निदान ४० हवं होतं. वर चढलेल्या मुलाने फोटो पाठवले त्यातून कळलं: नवी अँटेना टॉवरच्या पायाला खेटून बसली होती. टॉवरचे उभे पाय स्वतःच अँटेनासारखे वागतात, आडवी लहर पकडून उभी करून खालच्या अँटेनाला देतात. दांडा लांब करून अँटेना टॉवरपासून एक मीटरभर बाहेर काढली आणि केबल दुसऱ्या पायावरून खाली उतरवली. ४३ डीबी.

दांड्याची लांबी आराखड्यातच धरली असती तर टोळीचा अर्धा दिवस वाचला असता. कॅटलॉगमधले अलगीकरणाचे आकडे मोकळ्या आभाळातले असतात, टॉवरवरचे नाहीत.

११ जून

मोठी बातमी. काल, १० जूनला, एफसीसीने सॅन होजेच्या केबीकेएफ-एलडी स्टेशनला एटीएससी ३.० बरोबर ८७.७५ चा अॅनालॉग आवाज चालवायची तात्पुरती विशेष परवानगी दिली. सहा महिन्यांची आहे आणि अटी आहेत, पण दार उघडलं. आमचा अर्ज वकिलांकडे तयार होता, आज गेला.

अर्जात एक गोष्ट ठळक मांडली: टीव्हीवर खरा, मोफत, चित्र-आवाज जुळलेला कार्यक्रम असेल, नुसती निळी पाटी नाही. नॅशनल पब्लिक रेडिओ या प्रकाराला उघड विरोध करतं. टीव्हीच्या परवान्यावर रेडिओ चालवणं मुळातच योग्य नाही, असं तिथल्या मंडळींचं म्हणणं. ८८ च्या लगेच वर त्यांच्यासारखी बिनव्यापारी स्टेशनं बसतात, त्यामुळे काळजी रास्त आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही वाटली असती. म्हणूनच आमच्या वरच्या बाजूचे २५० किलोहर्ट्झ मी सगळ्यात जास्त जपतो.

२४ जून

या आठवड्यात आवाजाकडे वळलो. यंत्रं लागली तेव्हा मला वाटलं होतं की एफएम ही सोपी बाजू आहे.

जुन्या अॅनालॉग टीव्हीच्या आवाजाला विचलन (आवाजाबरोबर कॅरिअर किती मागेपुढे सरकतो ते) २५ किलोहर्ट्झपर्यंत, एफएम रेडिओला ७५. म्हणजे टीव्हीच्या नियमाने चालणारं स्टेशन डायलवरच्या शेजाऱ्यांपेक्षा साडेनऊ डीबी हळू वाजतं. लोक आवाज वाढवतात, मग पुढच्या स्टेशनवर गेले की कान फुटतात. नव्या मांडणीत चित्राचा कॅरिअरच नाही, म्हणून डमी लोडवर ७५ पर्यंत नेऊन पाहिलं, स्टीरिओसकट.

मग वेगवेगळ्या रेडिओंवर ऐकलं: जुना ट्रकचा रेडिओ, शेडमधला डबडा टू-इन-वन, नवी गाडी, पन्नास डॉलरचा खिशातला. जुन्या ट्रकवर सुरेख. नव्या गाडीत निवेदिकेच्या बोलण्यात प्रत्येक ‘स’ थुंकल्यासारखा. ‘लास सिएते’ म्हटलं की दोन्ही स फाटतात. खिशातल्या रेडिओवर त्याहून वाईट. स्पॅनिशमध्ये अनेकवचनं स ने संपतात, त्यामुळे वाक्यागणिक ऐकू येतं.

दोन दिवस ऑडिओ प्रोसेसरशी झटापट केली, ‘स’ चा जोर कमी करणारा डी-एसर लावला, थोडा फरक पडला. शेवटी अॅनालायझरवर रेडिओच्या जागी उभं राहून विचार केला. आपला कॅरिअर ८७.७५ वर, आणि इथले रेडिओ विषम दशांशाने चालतात: ८७.७, ८७.९. म्हणजे ऐकणारा नेहमी ५० किलोहर्ट्झ बाजूला उभा आहे. त्यावर ७५ चं विचलन, म्हणजे एका बाजूला शिखर १२५ किलोहर्ट्झ लांब जातं. जुन्या रेडिओचे फिल्टर सैल असतात, ते चालवून घेतात. नव्या चिपवाल्या रेडिओंचे अरुंद असतात, ते शिखर कापतात. आणि ‘स’ कापला जातो कारण एफएममध्ये ७५ मायक्रोसेकंदांचा प्री-एम्फसिस असतो, म्हणजे वरचे सूर मुद्दाम वाढवून पाठवतात. १० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ चौदा डीबी उचलूनच पाठवला जातो, आणि शिखर तिथेच तयार होतं.

कॅरिअर ८७.७ वर सरकवता येत नाही, ८७.७५ हीच जागा. म्हणून दोन निर्णय घेतले. विचलन ५० च्या आसपास ठेवायचं, त्यात साडेतीन डीबी आवाज गेला. आणि स्टीरिओ बंद, नुसता मोनो.

मोनोवर मालकांशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, संगीताचं स्टेशन, लोक काय म्हणतील. मी त्यांना ट्रकमध्ये बसवून खोऱ्याच्या कडेला घेऊन गेलो, जिथे जुन्या प्रक्षेपणावर स्टीरिओचा दिवा लुकलुकत होता आणि गाणं वाळूत बुडाल्यासारखं येत होतं. तिथूनच फोन करून स्टुडिओतला पायलट (स्टीरिओ आहे असं रेडिओला कळवणारा सूर) बंद करायला लावला. १९ किलोहर्ट्झचा पायलट गेला आणि गाणं स्वच्छ झालं. दूरच्या श्रोत्याला मोनो मिळणं म्हणजे स्टेशन मिळणं. कम्युनिटी रेडिओवाल्यांनो, तुमच्या ५० वॅटच्या ट्रान्समीटरला हे आणखी लागू आहे. गप्पा आणि बातम्यांच्या कार्यक्रमासाठी स्टीरिओ चालू ठेवून सीमेवरची गावं घालवू नका.

मोनोचा आणखी एक फायदा नंतर लक्षात आला. आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंत आणि विचलन ५०, म्हणजे सिग्नल जेमतेम १३० किलोहर्ट्झ रुंद. खालच्या डिजिटलच्या कडेपासून आता ऐसपैस अंतर राहतं.

९ जुलै

परवानगी आली. सहा महिने. कागद हातात घेऊन निवेदिका बाई रडल्या. त्या इथे स्टेशन सुरू झालं तेव्हापासून पहाटे चारला माइकसमोर बसतात, कारण मजूर चारलाच निघतात.

आपत्कालीन सूचनेच्या यंत्राची चाचणी घेतली आणि घोडं तिथे अडलं. सूचनेचा भोंगा रेडिओवर वाजला, टीव्हीवर काहीच नाही. जुन्या वायरिंगमध्ये हे यंत्र ऑडिओ फाट्याच्या पुढे, रेडिओच्या शाखेवर बसलं होतं. पूर्वी एकच शाखा होती म्हणून चालून गेलं. आता फाटा फुटण्याआधी आणलं, आणि टीव्हीसाठी पट्टी फिरवणारा कॅरेक्टर जनरेटर जोडला, ६५० डॉलर. दोन प्रक्षेपणं म्हणजे दोन्हीकडे सूचना हवी. तुम्ही असं काही उभं करणार असाल तर पहिली चाचणी हीच घ्या. आमच्याकडे वणव्यांचा मोसम सुरू झाला आहे.

१३ जुलै, रात्र

११ वाजून ५९ मिनिटांनी अॅनालॉग बंद. त्याआधी संध्याकाळी ८७.७ वर आमच्यावर दुसऱ्याच राज्यातलं असंच एक स्टेशन चढलं होतं. उन्हाळ्यात वातावरणाच्या ई थरात ढग तयार होतात आणि या फ्रिक्वेन्सी हजार-दीड हजार किलोमीटर उडी मारतात. निवेदिका बाईंना वाटलं आमचंच काही बिघडलं. अर्ध्या तासात आपोआप गेलं. त्यावर इलाज नाही, घाबरू नये.

नवं सुरू केलं. रेडिओवर फरक लगेच जाणवला. अॅनालॉग चित्राच्या कॅरिअरमधून येणारी साठ हर्ट्झची बारीक गुणगुण कायम मागे असायची, ती नाहीशी झाली. मध्यरात्रीनंतर एका ट्रकवाल्याचा फोन आला. त्याने फक्त विचारलं, आज काय केलंत, गाणी जवळून येतायत.

२ ऑगस्ट

टीव्ही दुपारी गोठतो.

सकाळी ठीक, दोनच्या सुमारास चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं, रात्री पुन्हा ठीक. रेडिओ पूर्ण वेळ उत्तम. आधी वाटलं ट्रान्समीटर तापतोय, पंखे बदलले. नंतर रिसीव्हरवर संशय घेतला. एक टीव्ही संच आमचा सरकवलेला चॅनेल शोधतच नाही, ते कोडं वेगळं आहे आणि अजून सुटलेलं नाही. पण जे संच सकाळी चालतात ते दुपारी का थांबावेत?

दुपारी दोनला मीटर लावून बसलो. सिग्नलची शुद्धता फक्त वरच्या कडेच्या कॅरिअरना ढासळत होती, मधले सगळे शाबूत. तिथे कळलं: मास्क फिल्टर, म्हणजे सिग्नल ठरलेल्या कडांबाहेर जाऊ न देणारा फिल्टर. अॅल्युमिनियमच्या पोकळ्यांचा फिल्टर, आम्ही मे महिन्यात पहाटेच्या गारव्यात ट्यून केलेला. अॅल्युमिनियम अंशाला तेवीस दशलक्षांश प्रसरण पावतं. पंचवीस अंश वाढले की ८७ मेगाहर्ट्झला साधारण ५० किलोहर्ट्झ खाली. वरची कड मुद्दाम तीव्र ठेवली होती, एफएमला वाचवायला. ती ५० किलोहर्ट्झ खाली घसरली की आपलेच वरचे कॅरिअर कापते.

उपाय सोपा, पण अंगावर येणारा. फिल्टर दुपारी, पूर्ण शक्तीवर दोन तास तापवून, मग ट्यून केला. खोलीत बेचाळीस अंश, एक हात स्क्रूवर, डोळे स्क्रीनवर, घाम डोळ्यांत. सकाळी आता कड थोडी वर असते, पण एफएमवर खरखर येत नाही हे पाहून घेतलं. मोनो केल्याने मिळालेलं अंतर इथे कामी आलं.

फिल्टर ज्या तापमानाला दिवसभर राहणार त्याच तापमानाला ट्यून करा. पुरवठादाराच्या पत्रकात तापमानाचा आकडा होता, छोट्या अक्षरांत.

२८ ऑगस्ट

टीव्ही घरांत पोचतो का, हे बघायला फिरलो. खरं सांगायचं तर एवढ्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर टीव्ही पकडणं अवघड आहे. पाव तरंगलांबी म्हणजे ८८ सेंटिमीटर, आणि लोकांच्या घरातल्या अँटेना सपाट, वहीएवढ्या. वर गोंगाट: एलईडी दिवे, चार्जर, आणि इथे खास म्हणजे बोअरच्या पंपांचे व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह. पंप सुरू झाला की आसपासच्या घरातली टीव्हीची शुद्धता खाली.

म्हणून मोड्युलेशन (माहिती लहरीवर बसवण्याची पद्धत) अगदी दणकट ठेवलं: क्यूपीएसके, कोड दर ६/१५, म्हणजे बराच भाग चुका दुरुस्त करण्यात जातो. तीन-साडेतीन मेगाबिट हाती उरतात. त्यात एकच कार्यक्रम, ७२० ओळींचा, एचईव्हीसी पद्धतीने दाबलेला. काही जणांनी सुचवलं की दर वाढवून दोन-तीन चॅनेल काढा, जाहिरात मिळेल. माझं ठाम मत विरुद्ध आहे. जो एक आहे तो पंपाशेजारच्या घरात लागला पाहिजे. लोकांना पोचत नसलेल्या टीव्हीच्या आधारावर आम्ही रेडिओ चालवतो असं कुणी म्हणू नये.

सुरुवातीला टीव्हीवर हवामानाची पाटी आणि गाणी होती. या महिन्यात स्टुडिओत एक साधा कॅमेरा लावला. आता निवेदिका बाई दिसतात. टीव्हीचा आवाज रेडिओच्या काही सेकंद मागे असतो, एन्कोडिंगचा वेळ. त्याला इलाज नाही आणि गरजही नाही, पण टीव्हीवरचं चित्र आणि टीव्हीवरचा आवाज एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. सुरुवातीला अर्ध्या सेकंदाचा फरक होता, कॅमेऱ्याचा ऑडिओ आणि कन्सोलचा ऑडिओ वेगळ्या वाटेने येत असल्यामुळे. कन्सोलचा ऑडिओच कॅमेऱ्याच्या एन्कोडरमध्ये दिला, जुळलं.

दोन आजींनी फोन केला. त्यांच्याकडे मुलाने घेतलेला नवा टीव्ही होता. इतकी वर्षं ज्या बाईंचा आवाज ऐकला त्या कशा दिसतात हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

खर्च, आतापर्यंत

एक्सायटर आणि दोन अॅम्प्लिफायर सोडून: अँटेना आणि केबल ११,२००, टॉवरची टोळी दोनदा मिळून ९,०००, फिल्टर ६,८००, अॅनालायझरचं भाडं ४,५००, हायब्रिडवर तोटा ३००, कॅरेक्टर जनरेटर ६५०, वकील वेगळा. विजेचं बिल जुन्या अॅनालॉगपेक्षा कमी आलं, कारण चित्राचा अॅनालॉग कॅरिअर फार वीज खात होता.

भर, ऑगस्ट २०२३

दोन वर्षं दर सहा महिन्यांनी परवानगीची मुदत वाढवत काढली. आता २० जुलैला एफसीसीचा अंतिम आदेश आला आहे. तात्पुरत्या परवानगीवर चालू असलेल्या १४ एफएम-६ स्टेशनांना कायम चालवायची मुभा, नव्यांना नाही. अटी थोडक्यात: एटीएससी ३.० वर चित्र-आवाज जुळलेला निदान एक मोफत टीव्ही कार्यक्रम, अॅनालॉग आवाज फक्त ८७.७५ वर, कुणालाही हस्तक्षेप न करता. रेडिओचं उत्पन्न आनुषंगिक (टीव्हीच्या जोडीच्या) सेवेचं मानलं जातं, त्यावर ५ टक्के शुल्क.

नवं कुणी हे सुरू करू शकत नाही, त्यामुळे या नोंदींचा उपयोग चालू असलेल्यांना आणि त्यांची यंत्रं सांभाळणाऱ्यांना. त्यांच्यासाठी या मोसमातलं: फिल्टरची दुपारची तपासणी दर मे अखेर करतो. टॉवरवरच्या खालच्या अँटेनाचे कनेक्टर यंदा उघडले तर आत धूळ आणि पाणी, अलगीकरण ३८ वर आलं होतं, साफ करून सील केल्यावर ४२. पंपांच्या ड्राइव्हना आतल्या फिल्टरची किट मिळते, तीन शेतकऱ्यांना विनंती केली, दोघांनी बसवून घेतली. तिसऱ्याकडे पुढच्या आठवड्यात जायचं आहे.